सिस्टर, त्या बाटलीवरून तुम्ही रागावला नाहीत

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तिसऱ्या केमोला सुई लावता लावता तुम्ही सहज विचारलंत, "याशिवाय घरी काही घेता का हो?" आणि मी पिशवीतून एक बिनलेबलची काळी बाटली काढली. एवढ्यावरून ओळखालच.

गांजाचं तेल होतं ते. 'याने गाठ विरघळते' असं सांगून एका नातेवाइकाने आणून दिलेलं. महिनाभर मी ते डॉक्टरांपासून लपवलं होतं. आता बोलणी बसणार, अशी तयारीच ठेवली होती. तुम्ही बाटली उजेडात धरलीत, फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "कशासाठी घेता? गाठीसाठी की मळमळीसाठी?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मळमळीनेच जीव नकोसा झाला होता. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची पहिल्या दिवशीची उलटी गोळ्यांनी आवरायची, छळ सुरू व्हायचा दुसऱ्या दिवसापासून. धड उलटी होत नाही, मळमळ जातही नाही. चमचा तोंडाशी आणला की धातूचा वास. पुढेपुढे तर हॉस्पिटलचं फाटक दिसलं तरी पोटात ढवळायचं.

तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. गाठीसाठी याच्यावर विसंबू नका, मळमळीवर उपयोग होतो, पण नेहमीची औषधं पुरी पडली नाहीत तरच. बाटलीत काय आणि किती आहे कुणालाच ठाऊक नाही, शिवाय त्यातलं सीबीडी नावाचं द्रव्य यकृतात दुसऱ्या औषधांच्या आड येऊ शकतं. मग माझ्यासमोरच डॉक्टरांना सांगितलंत, तेही माझी लाज राखून.

त्यांनी आधी गोळ्या बदलून पाहिल्या. भागेना, तेव्हा ड्रोनाबिनॉल लिहून दिलं. म्हणजे गांजातलंच टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य, पण प्रयोगशाळेत बनवलेलं आणि मोजून दिलेलं. केमोच्या मळमळीसाठी अमेरिकेत ते १९८५ पासून मंजूर आहे म्हणे. आणि मी इकडे चोरून थेंब मोजत होते!

दुसऱ्या संध्याकाळचा फोन मात्र विसरणार नाही. २.५ मिलिग्रॅमची कॅप्सूल घेऊन चाळीस मिनिटं झाली तरी काही जाणवेना, म्हणून मी आणखी एक घेतली. 'विचारल्याशिवाय दुसरी नाही' असं तुम्ही वहीत लाल शाईने लिहून दिलेलं असताना! तासाभराने पलंग होडीसारखा डोलायला लागला, छाती धडधडायला लागली. "पोटातून घेतलेलं उशिरा चढतं," तुम्ही म्हणालात, "पण उतरतंच. कुशीवर पडा, एकट्या उठू नका." मग डॉक्टरांना विचारून पुन्हा फोन केलात आणि मला झोप लागेपर्यंत बोलत राहिलात. शरीर स्वतःही टीएचसीसारखा पदार्थ बनवतं, १९९२ मध्ये तो सापडला आणि 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं, हे तेव्हाच कळलं. माझ्याकडचा कारखाना संपावर असणार, असं मी पुटपुटले होते म्हणे. मला आठवत नाही.

वही अजून आहे. चौथ्या केमोनंतरच्या तिसऱ्या दिवसापुढे तुमच्या रकान्यात आकडा आहे, 'मळमळ: १० पैकी ३'. खाली माझं वेडंवाकडं अक्षर: 'वाटीभर खाल्लं. परत मागितलं.'

तुमची,
खाट क्रमांक सात