गुरुवारी अ‍ॅडमिट होण्याआधी

प्रिय सायली,

शुक्रवारी तुला ४१ आठवडे पूर्ण होतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी अ‍ॅडमिट व्हा, कळा आणाव्या लागतील, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुझा डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे निखिलकडून कळलं. फोनवर तू 'मी बरी आहे गं' म्हणतेस आणि विषय बदलतेस. घरात सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू अशी सतत वर्दळ, मनातलं बोलायला तुला कोपरा कुठला मिळायला! म्हणून लिहितेय. सावकाश वाच. एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

निखिलला तू म्हणालीस म्हणे, "बाकीच्यांना आपोआप होतं, माझ्याच शरीराला जमलं नाही." सायली, हे आधी मनातून काढून टाक बाई. तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेला अंदाज. शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणी नेमक्या त्या दिवशी बाळंत होतात. बाकीच्या सगळ्या पुढे-मागे, आणि पहिलटकरणींची तारीख उलटणं तर नेहमीचंच. महापालिकेच्या प्रसूतिगृहात लेबर रूममध्ये मी माझी नोकरी काढली. तारीख उलटून आलेल्या बायका तिथे रोज असायच्या, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या शरीरात काही खोट आहे असं आम्हा सिस्टर मंडळींना कधी वाटलं नाही.

मग अजून थोडं थांबत का नाहीत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. ४१ आठवड्यांनंतर बाळाला पोसणाऱ्या वारेचं काम मंदावू शकतं, बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ लागतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. धोका तेव्हाही लहानच असतो, पण थांबू तसा वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला हाच आहे, की ४१ आठवडे झाले की कळा आणाव्यात, आणि सगळं सुरळीत असेल तर त्याआधी उगाच आणू नयेत. म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही. तुझं बीपी ठीक आहे, सोनोग्राफीत पाणी पुरेसं आहे, बाळ फिरतंय. सगळं चांगलं आहे तोवरच बाळाला बाहेर घ्यायचं, एवढाच यातला विचार.

मला वाटतं, तुझी अर्धी भीती आत गेल्यावर आपल्याला काय काय करणार, ही आहे. ते सांगते.

गेल्यावर आधी पट्टे लावून बाळाचे ठोके बघतील आणि मग आतून तपासतील. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, पुढे आहे की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना मार्क देतात. त्याला बिशप स्कोअर म्हणतात, तेरापैकी असतो. सहा किंवा त्याहून कमी आला तर तोंड अजून तयार नाही असं समजायचं. यात नापास होण्यासारखं काही नाही, सुरुवात कशाने करायची तेवढं त्यावरून ठरतं. तपासणी त्रासाची असते, खोटं कशाला सांगू? त्या वेळी दोन्ही मुठी कमरेखाली ठेव, म्हणजे मागे असलेलं तोंड हाताला लवकर लागतं. तोंडाने लांब श्वास सोड, मांड्या आवळू नकोस. असह्य झालं तर 'थांबा' म्हण. थांबतात. तुला तो हक्क आहे.

तोंड कडक असेल तर जेल लावतात. फ्रिजमध्ये ठेवलेली छोटी सिरिंज असते, औषधाचं नाव डायनोप्रोस्टोन. लावल्यावर अर्धा तास पडून राहायचं, मग सगळं ठीक असेल तर उठता-फिरता येतं. सहा तासांनी पुन्हा बघतात, लागलं तर दुसरी मात्रा देतात, २४ तासांत तीनाच्या वर नाही. काही ठिकाणी जेलऐवजी मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी देतात, तर कुठे फोलीची नळी, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक रबरी नळी, आत घालून तिचा फुगा सलाइनने भरतात. तो फुगा तोंडावर दाब देऊन ते हळूहळू उघडतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण ही फार जुनी आणि चांगली पद्धत आहे. तुझ्यासाठी यातलं काय वापरणार ते आधीच विचार.

तोंड थोडं उघडलं की बाळाभोवतीच्या पाण्याचा पडदा टोचून पाणी काढतात. त्या पडद्याला स्वतःची वेदना नसते, त्रास होतो तो तपासणीचाच. आणि मग ड्रिप. तुला सगळ्यात जास्त धसका या ड्रिपचा बसलाय ना? तिच्यात ऑक्सिटोसिन असतं, म्हणजे कळांसाठी आपलं शरीर स्वतः जे बनवतं तेच. व्हिन्सेंट द्यु विन्यो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि त्या कामाला १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही मनगटावरच्या घड्याळात बघत थेंब मोजायचो, आता पंप असतो, तो अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. तुझ्या कामाची गोष्ट ही, की ऑक्सिटोसिन रक्तात फार वेळ टिकत नाही. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येऊ लागल्या किंवा बाळाचे ठोके उतरले, तर सिस्टर ड्रिप कमी करते नाहीतर बंद करते, आणि थोड्या वेळात कळांचा जोर ओसरतो. जेलचं तसं नसतं, ते एकदा लावलं की चटकन मागे घेता येत नाही. म्हणून ते लावल्यावर ठोक्यांवर नीट लक्ष ठेवतात, आणि पिशवी सैल करायचं इंजेक्शनही हाताशी असतं.

ड्रिपच्या कळा जोरकस वाटतात, हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ते खरं आहे. आपोआप येणाऱ्या कळा चढत चढत येतात, अंगाला सवय व्हायला वेळ मिळतो. ड्रिपमध्ये तो वेळ कमी मिळतो. म्हणून एपिड्युरलचा, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात त्या भुलेचा, विचार आत्ताच कर, कळा सुरू झाल्यावर नको. रात्रीही भूल देणारे डॉक्टर असतात का, त्यासाठी आधी काही रक्ततपासणी लागते का, खर्च किती, सगळं विचारून ठेव. घेतलंस तर तू कच्ची ठरत नाहीस. नाही घेतलंस तरी चालेल. आमच्या वेळी हे नव्हतं म्हणून तुलाही नको, असं म्हणणाऱ्या बायका भेटतील. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

वेळेबद्दल मात्र मनाची तयारी हवी. जेल लावल्यापासून बाळ हातात येईपर्यंत एक दिवस जाऊ शकतो, दीड जाऊ शकतो, कधी दोनही. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचाच काळ, त्याला घड्याळ लावता येत नाही. मी पाहिलंय, बायकांचा धीर कळांनी जितका सुटत नाही तितका बाहेरच्यांच्या 'अजून काहीच नाही?' या प्रश्नाने सुटतो. रात्री जेल लावलेली बाई सकाळी चहा पीत बसलेली असायची, शांत, पोटात नुसतं दुखतंय इतकंच. मग नातेवाइकांचे फोन सुरू व्हायचे, आणि दुपारपर्यंत ती रडवेली व्हायची. तुझा फोन निखिलकडे दे. गुरुवारी अ‍ॅडमिट झालीस एवढा एक निरोप सगळ्यांना जाईल, पुढचा निरोप बाळ झाल्यावर. आत्याला, मामीला मी सांगते. रुसणारे रुसतील, त्यांचं मी बघून घेईन. रात्री मिळेल तेवढी झोप, डॉक्टर परवानगी देतील तसं खा, थोडं चाल, कुशीवर पड. पहिला दिवस असाच जाणार आहे असं धरूनच जा.

'कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं' हे काकूंचं वाक्यही तुझ्या मनात रुतलंय. २०१८ साली अमेरिकेत ६,००० हून अधिक पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या बिनधोक्याच्या. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझर झाली १८.६ टक्क्यांची, आणि वाट बघितलेल्या गटात २२.२ टक्क्यांची. ती माणसं वेगळी, तिथली इस्पितळं वेगळी, आठवडेही तुझे नव्हेत. ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावायचे नाहीत. पण कळा आणल्या म्हणजे सिझर ठरलेलंच, हे खरं नाही. समजा करावं लागलंच, तर ते बाळासाठी आणि तुझ्यासाठी, आणि कारण तुला समजेल असं सांगून करतील. सांगितलं नाही तर तू विचार.

आता घरातल्या सल्ल्यांचं. एरंडेल घ्यायचं नाही. जुलाब होतील, अंगातलं पाणी जाईल, आणि अशक्त होऊन लेबर रूममध्ये जाशील. जिने चढ-उतर करून दमायचं नाही. शुक्रवारचा मुहूर्त कसा आहे, हे कोणी पंचांगात बघत असेल तर बघू दे, तू त्यात पडू नकोस. सासूबाईंशी मी स्वतः बोलेन, त्या समजून घेतील. त्यांचीही काळजीच आहे ती.

तारीख ठरल्याचा एक फायदा तुझ्या लक्षात आणून देते. जुलैचा महिना आहे. मध्यरात्री कळा सुरू झाल्या, बाहेर धो धो पाऊस, सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, गांधी मार्केटला रस्ता तुंबलेला, आणि तुम्हाला कुर्ल्याहून दादर गाठायचंय. या विचाराने माझी झोप उडत होती. आता तुम्ही दुपारीच निघा. निखिलला गुरुवारी समुद्राला भरती कधी आहे ते बघून ठेवायला सांग.

पण गुरुवारपर्यंत बाळाचं फिरणं कमी वाटलं, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर वाट बघायची नाही. त्याच क्षणी निघायचं, वेळ कोणतीही असो.

रात्रीच्या भीतीचं काय करायचं, ते राहिलं. मोबाइलवर दुसऱ्या बायकांच्या बाळंतपणाच्या कहाण्या वाचणं आजपासून बंद. ज्यांचं सरळ पार पडलं त्या लिहायला बसत नाहीत. छातीत धडधडायला लागलं की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, असं चार-पाच मिनिटं. निखिलला उठव, तो रागावणार नाही. आणि गुरुवारी गेल्यावर ड्यूटीवरच्या सिस्टरला पहिल्यांदाच सांग, 'मला फार भीती वाटते, काही करायच्या आधी मला सांगाल का?' बाईने असं मोकळेपणाने सांगितलं की आमचं तिच्याकडे जास्त लक्ष जायचं. गप्प बसणारीला काय होतंय ते आम्हालाही उशिरा कळायचं. तरीही मन ताळ्यावर येत नसेल, खाणं जात नसेल, तर डॉक्टरांना तसं सांग. आणि टेलीमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बाळ झाल्यावरही हा नंबर जवळ असू दे, तेव्हाही मन खचू शकतं.

आत तुझ्यासोबत एकालाच राहू देतील. मी की निखिल, ते तू ठरव. निखिल हवा असेल तर तसं सरळ सांग, मला मुळीच वाईट वाटणार नाही. मी बाहेर बसेन, आणि लागेल ते निखिलला सांगत राहीन.

मी बुधवारी सकाळी चिंचपोकळीहून स्लो लोकलने येते. जुन्या मऊ सुती साड्या धुऊन, उन्हाची वाट न बघता इस्त्री फिरवून ठेवल्यात, त्या आणते. बाळाची दुपटी बाबांनी कालच पिशवीत भरली. फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि विम्याचे कागद तेवढे तू एका जागी काढून ठेव. आणि उद्या ओपीडीत जाशील तेव्हा तीन गोष्टी विचारून ये: सुरुवात कशाने करणार, एपिड्युरल रात्री मिळेल का, आणि पहिल्या दिवशी तोंड उघडलंच नाही तर पुढे काय. उत्तरं कागदावर लिहून आण, बुधवारी आपण दोघी बसून बघू.

तुझी,
आई