जमीन विकण्याआधी एचएची दप्तरं उघडा

माननीय केंद्रीय रसायने व खते मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) या सरकारी औषध कंपनीचं काय करायचं हा प्रश्न आपल्या मंत्रालयाकडे बरीच वर्षं आहे. डिसेंबर २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं, की कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवायची आणि नंतर कंपनीही विक्रीला काढायची. २०१९मध्ये या कंपनीसह तीन सरकारी औषध कंपन्यांचे थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यासाठी ३३०.३५ कोटी रुपये कर्जरूपाने मंजूर झाले. जमीन विकावी की नाही यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझं मागणं वेगळं आहे. या जमिनीवर जे ज्ञान तयार झालं आणि ज्या माणसांनी ते तयार केलं, त्याची मोजदाद या सगळ्या हिशेबात कुठेच नाही. ती विक्रीच्या आधी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

माझे वडील फर्मेंटेशनला, म्हणजे टाक्यांमध्ये बुरशी वाढवून औषध काढणाऱ्या विभागात होते. मी एचए कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये वाढले. आम्ही कंपनीला कधी पूर्ण नावाने हाक मारली नाही. ती सगळ्या पिंपरीसाठी ‘एचए’च आहे.

१९५४ साली ही कंपनी स्थापन झाली तेव्हा पिंपरी म्हणजे पवनेकाठचं एक गाव, शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प, आणि मधून जाणारा मुंबई-पुणे रस्ता. एमआयडीसी स्थापन झाली ती १९६२ साली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी एकत्र करून नगरपालिका झाली ती १९७०ला, महानगरपालिका १९८२ला. आज ज्या शहराला उद्योगनगरी म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांत एचए येतो. औषधं बनवणारी ही केंद्र सरकारची पहिली कंपनी. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञानाची मदत केली, युनिसेफने यंत्रसामग्री दिली, आणि १९५५मध्ये इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याआधी हे औषध परदेशातून यायचं. पुढे इथेच स्ट्रेप्टोमायसिन होऊ लागलं, तेव्हा क्षयाच्या रोग्यांच्या घरांत त्याचा अर्थ काय होता हे त्या पिढीला विचारावं. माझ्या आजीच्या माहेरी क्षयाने माणसं गेली होती. जावई या कंपनीत लागला याचा तिला पगारापेक्षाही जास्त अभिमान होता.

महोदय, पेनिसिलिन बनवणं म्हणजे नुसती रसायनं एकत्र करणं नव्हे. पेनिसिलियम क्रायसोजेनम नावाची बुरशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीतून आधी लहान टाकीत आणि मग मोठ्या टाकीत वाढवत न्यावी लागते. ती जिवंत असते. तिला सतत निर्जंतुक हवा लागते, ठरावीक तापमान लागतं, मक्याच्या अर्कासारखं खाद्य लागतं, आणि हे सगळं दिवसरात्र सांभाळावं लागतं. मध्येच हवा बंद पडली तर बॅच गेली. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर तो तयार झालेलं पेनिसिलिनच फोडून टाकतो. पुन्हा बॅच गेली. म्हणून तिन्ही पाळ्या, दिवाळी असो की गणपती. व्हॉल्व्हचा सांधा नीट वाफवला नाही तर काय होतं, फेस वर चढायला लागला की किती वेळ हातात असतो, टाकीजवळ गेल्यावर नुसत्या वासावरून बॅच बिघडल्याचं कसं कळतं, हे त्या माणसांना ठाऊक होतं. वडील रात्रपाळीहून आले की त्यांच्या शर्टाला एक आंबूस वास असायचा. आई त्या वासावरून सांगायची, आज काम सुरळीत झालंय की नाही. हे ज्ञान मॅन्युअलमध्ये थोडं असतं. जास्त असतं ते ऑपरेटरच्या वहीत आणि त्याच्या डोक्यात.

आणि ही फक्त दुसऱ्यांचं तंत्र चालवणारी कंपनी नव्हती. इथल्या संशोधन विभागाने १९५८पासून ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे नियतकालिक काढलं. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवातून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, आणि त्या सूक्ष्मजीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. जगातल्या शास्त्रीय नोंदींमध्ये पिंपरीचं नाव असं गेलेलं आहे. इथल्या किती शाळकरी मुलांना ते सांगितलं जातं? त्याच संशोधनातून पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन आलं. स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी तर महाराष्ट्रातल्या डाळिंबवाल्याला वेगळी सांगावी लागत नाही. डाळिंबावर तेल्या रोग पडला की तो दुकानात जाऊन तीच मागायचा.

कॉलनीबद्दल लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही, म्हणून एवढंच सांगते. आमच्या मजल्यावर एक घर केरळचं, एक बंगाली, एक सोलापूरकडचं आणि आमचं. शास्त्रज्ञाची मुलगी आणि कँटीनमध्ये वाढप्याचं काम करणाऱ्याची मुलगी एचए स्कूलमध्ये एका बाकावर बसायच्या. ओणमला पायसम घरोघर यायचं, दिवाळीला आमची कडबोळी त्यांच्याकडे जायची, आणि गणपतीच्या नाटकात मल्याळी काकांचं मराठी ऐकायला बाहेरच्या वस्तीतली माणसंही यायची. भोंग्यावर घरातली घड्याळं लावली जायची. घरात कुणी आजारी पडलं की रात्रपाळीला गेलेल्या माणसाला निरोप द्यायला शेजारचा मुलगा सायकल काढायचा, सांगावं लागायचं नाही. जात आणि भाषा विसरली गेली होती असं मी म्हणणार नाही. पण पोट एकाच टाकीवर अवलंबून असलेली माणसं एकमेकांना धरून राहतात, आणि तसं राहायची सवय पुढच्या पिढीच्याही अंगी लागते, हे मी स्वतः पाहिलं आहे. एचएचं मैदान तर सगळ्या शहराचं झालं. जानेवारी २०१६मध्ये श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखालचं एकोणनव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं.

मग नव्वदच्या दशकात आयात खुली झाली. स्वस्त पेनिसिलिन बाहेरून येऊ लागलं, आणि इथल्या टाक्यांना परवडेना. कंपनी आजारी ठरली. तो सगळा इतिहास आपल्या फायलींमध्ये आहे, मी पुन्हा सांगत नाही.

पण त्याच फायलींमध्ये आणखी एक कागद आहे. मार्च २०२०मध्ये केंद्र सरकारने औषधांचा कच्चा माल देशात बनावा म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्या यादीत ‘पेनिसिलिन-जी’ हा पेनिसिलिनचा प्रकार आहे, कारण त्यासाठी देश चीनवर अवलंबून राहिला होता. योजना योग्यच आहे, आणि तिच्यामुळे नवा कारखाना उभा राहिला याचा मला आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की जी विद्या आपण आज पैसे मोजून पुन्हा उभी करतो आहोत, ती चार दशकं पिंपरीत पगारावर काम करत होती. तिच्या वह्या कुठे आहेत? बॅचचे तक्ते, बुलेटिनचे जुने अंक, संशोधन विभागाच्या नोंदी, जपून ठेवलेल्या सूक्ष्मजीवांचा संग्रह, पहिल्या यंत्रांचे नकाशे, कामगारांचे फोटो? इमारत रिकामी करण्याची वेळ आली की असल्या वस्तूंचं काय होतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. रद्दीवाला किलोवर नेतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. जमिनीचा पुढचा व्यवहार होण्याआधी आपल्या औषध विभागाने एक लहान पथक नेमावं आणि कंपनीतल्या कागदपत्रांची, उपकरणांची आणि जिवाणू-बुरशीच्या संग्रहाची यादी करून घ्यावी. कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे जाऊ शकतात. जिवंत संग्रह पुण्यातच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे देता येईल. तिथे सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहेच. जुन्या इमारतींपैकी एक, आणि शक्य झालं तर पहिल्या काळातली एक टाकी, जागेवरच ठेवावी आणि तिथे लहानसं संग्रहालय करावं. मेट्रो आता त्याच जुन्या महामार्गावरून धावते. शाळेच्या सहली सहज येऊ शकतील. मैदान आणि जुनी झाडं महापालिकेच्या ताब्यात सार्वजनिक म्हणून राहावीत. पिंपरीत आता इतकं मोठं मोकळं मैदान नव्याने कुठून आणणार?

सगळ्यांत घाईचं काम मात्र माणसांचं आहे. पंचावन्न साली जे विशीत होते ते आज नव्वदीत आहेत, आणि त्यातले फार थोडे उरले आहेत. साठ-सत्तरच्या दशकात लागलेले अजून बरेच आहेत. कुणी कॉलनीजवळ राहतं, कुणी चिंचवडला, कुणी मुलांकडे कोचीला नाहीतर कोलकात्याला. त्यांना बसवून, त्यांच्या भाषेत, टाकीच्या कामासकट सगळं ध्वनिमुद्रित करून घ्यायला हवं. याला कोट्यवधी लागत नाहीत. विद्यापीठातले मायक्रोबायोलॉजीचे आणि इतिहासाचे विद्यार्थी मिळून हे करू शकतील. कुणाला काय विचारायचं हे सांगायला आमच्या पिढीतले लोक आहेत, मी स्वतः आहे. वडिलांची एक वही माझ्याकडे आहे, ती मी द्यायला तयार आहे.

विक्रीच्या निविदेत या अटी घालायच्या असतील तर त्या निविदा निघण्याआधीच घालायला हव्यात, नंतर ते अवघड होतं. म्हणून आपल्या विभागाने या कामासाठी एखादा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता जाहीर करावा. निवृत्त कामगारांची यादी आम्ही त्याच्याकडे आणून देऊ.

कळावे,

आपली नम्र,
एचए कॉलनीत वाढलेली एक पिंपरीकर