दारे युद्धाने उघडली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीतील स्त्रीशिक्षणावरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला, पण त्यातले एक विधान खटकले. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, जागा रिकाम्या झाल्या आणि त्यामुळे मुलींना उच्च शिक्षणाची दारे उघडली, असे लेखक म्हणतात. युद्ध सुरू झाले १९१४ मध्ये. त्या वेळच्या जर्मनीतील बाडेन संस्थानाने विद्यापीठांत मुलींना रीतसर प्रवेश दिला १९०० मध्ये, बव्हेरियाने १९०३ मध्ये आणि सगळ्यांत मोठ्या प्रशियाने, बऱ्याच उशिरा का होईना, १९०८ मध्ये. सगळे श्रेय युद्धाला दिले की त्याआधी वीस वर्षे सरकारदरबारी खेटे घालणाऱ्या शिक्षिका चित्रातून गायब होतात.

मुळात या मुली शिकत काय होत्या? खात्यापित्या घरांतल्या मुलींसाठी वेगळ्या कन्याशाळा होत्या. तिथे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन साहित्य, धर्म, शिवणकाम असे विषय असत. गणिताच्या नावाखाली घरखर्चाच्या हिशेबापुरते अंकगणित. लॅटिनचा पत्ता नाही. साधारण सोळाव्या वर्षी शाळा संपे आणि तिथल्या दाखल्यावर विद्यापीठात पाऊल टाकता येत नसे. फार तर अध्यापिका विद्यालयात जावे. हे शिक्षण कशासाठी, याचे उत्तर १८७२ साली वाइमारला जमलेल्या कन्याशाळांच्या चालक-शिक्षकांनी लेखी देऊन ठेवले आहे : बायकोच्या कोत्या विचारांमुळे जर्मन पुरुषाला घरात कंटाळा येऊ नये, म्हणून!

बर्लिनच्या शिक्षिका हेलेने लांगे यांनी १८८७ मध्ये प्रशियाच्या सरकारला अर्ज केला. मुलींच्या वरच्या वर्गांना शिकवायला स्त्रिया हव्यात आणि त्यांच्या प्रशिक्षणाची सोय सरकारने करावी, ही मागणी. सोबत जोडलेल्या पुस्तिकेत त्यांनी वाइमारच्या त्या वाक्याची चांगलीच हजेरी घेतली. पिवळ्या मुखपृष्ठामुळे ती ‘पिवळी पुस्तिका’ म्हणूनच गाजली. सरकारने अर्ज फेटाळला. बाईंनी मग स्वतःच वर्ग काढले आणि १८९३ पासून त्यांत थेट शालान्त परीक्षेची, म्हणजे विद्यापीठात प्रवेश मिळवून देणाऱ्या परीक्षेची, तयारी सुरू केली. १८९६ मध्ये त्यांच्या सहा विद्यार्थिनी मुलांच्या शाळेत बाहेरून परीक्षेला बसल्या आणि सहाही उत्तीर्ण झाल्या. दक्षिणेत कार्ल्सरुहे इथे मुलींचे पहिले गिम्नाझियम, म्हणजे या परीक्षेपर्यंत नेणारी शाळा, १८९३ मध्येच निघाले होते. तिथल्या पहिल्या तुकडीतील राहेल गोइटाइन पुढे हायडेलबर्गला वैद्यकी शिकून डॉक्टर झाल्या.

गणितज्ञ एमी नोएथर यांचे उदाहरण तर बोलकेच आहे. वडील एर्लांगेन विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, तरी १९०० मध्ये मुलीने परीक्षा दिली ती कन्याशाळेत फ्रेंच आणि इंग्रजी शिकवण्याची. त्या काळी तेवढीच वाट सरळ होती. त्यानंतर एर्लांगेनला त्या नुसत्या श्रोता म्हणून बसत. ९८६ विद्यार्थ्यांत स्त्रिया दोन. प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी काढायची. १९०३ मध्ये न्यूरेंबर्गला बाहेरून शालान्त परीक्षा दिली, १९०४ मध्ये नाव पटावर आले आणि १९०७ मध्ये डॉक्टरेट. म्हणजे प्रशियातले बर्लिन विद्यापीठ मुलींची रीतसर नोंदणी करू लागण्याआधीच!

१९०८ च्या प्रशियन सुधारणेचेही फार कौतुक करायला नको. गणित आले, शालान्त परीक्षेपर्यंत जाणारी शाखा आली. पण मुलगे बारा वर्षांत जिथे पोचत, तिथे मुलींना तेरा लागत. एखाद्या प्राध्यापकाला वर्गात स्त्रिया नको असतील तर मंत्र्यांच्या संमतीने तो त्यांना बाहेर ठेवू शके, अशी पाचरही मारलेली होती. शिवाय या शाळांना फी पडे. बहुसंख्य जर्मन मुली साध्या लोकशाळेत, म्हणजे सर्वसामान्यांच्या प्राथमिक शाळेत, चौदाव्या वर्षापर्यंत शिकून कामाला लागत, त्यांना या वादाशी देणेघेणेच नव्हते. लेखात त्यांच्यासाठी एखादा परिच्छेद हवा होता. मराठी वाचकांसाठी आणखी एक सांगण्यासारखे : इरावती कर्वे १९२८ मध्ये डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा त्या विद्यापीठात मुलींना रीतसर प्रवेश मिळू लागून जेमतेम वीस वर्षे झाली होती.

लेखात अजिबात न आलेली एक गोष्ट म्हणजे शिक्षिकांच्या लग्नाची. प्रशियात १८८० पासून लग्न केले की शिक्षिकेची नोकरी आणि पेन्शनचा हक्क, दोन्ही जात. मुलींना शिकवणारीने संसार आणि नोकरी यांतले एकच निवडायचे. गंमत अशी, की खुद्द शिक्षिकांच्या संघटनेतल्या अनेकींना हा नियम मान्य होता. वर्गाला पूर्ण वाहून घेणारी बाईच चांगली शिक्षिका, असे त्यांचे म्हणणे. मारिया लिश्नेव्स्का यांच्यासारख्या मोजक्या जणींनी उघड विरोध केला. १९१९ च्या राज्यघटनेने ही अट काढली खरी, पण १९२३ मध्ये महागाईच्या वणव्यात नोकरकपातीचा वटहुकूम निघाला आणि विवाहित स्त्रियांना पुन्हा घरी पाठवता येऊ लागले. युद्धाने दारे उघडली म्हणणाऱ्यांनी युद्धानंतरची ही चार-पाच वर्षे जरूर पाहावीत. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात या नियमाचा समावेश व्हावा, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली