कॉम्प्युटरवर लाल पाटी आली तर

प्रिय आई-बाबा,

परवा बाबांनी जे सांगितलं ते काही केल्या डोक्यातून जात नाही. फोनवर असलं समजावणं नीट होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

नाट्यगीतं शोधता शोधता स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि 'व्हायरस शिरला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं आलं. बाबा, तुम्ही फोन न करता सरळ बटण दाबून मशीन बंद केलंत. अगदी बरोबर केलंत.

तो व्हायरस नव्हताच. ते साधं वेब पान होतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं, म्हणून वरची पत्त्याची पट्टी आणि फुलीचं बटण दिसेनासं झालं. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की पान सहसा लहान होतं, मग फुलीवर क्लिक करायचं. नाहीच झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडा, क्रोम निवडा आणि 'एंड टास्क' म्हणा. क्रोम पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं उघडू का' विचारेल, त्याला नाही म्हणा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती पाटी खोटी.

फोन केला असता तर काय झालं असतं, तेही सांगते. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलतो. तो एनीडेस्कसारखं एखादं ॲप घ्यायला लावतो आणि वर आलेला आकडा विचारतो. तो सांगितला आणि 'परवानगी द्या'वर क्लिक केलं की आपला माउस त्याच्या हातात. मग तो विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो आणि म्हणतो, बघा किती व्हायरस. तशा खुणा प्रत्येक चालू कॉम्प्युटरमध्ये असतात, माझ्या ऑफिसच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्येही आहेत. पण घाबरलेल्या माणसाला ती यादी पुरावा वाटते. त्यानंतर 'फी भरण्यासाठी' बँकेची साइट उघडायला सांगतात, आणि तुम्ही जे टाइप कराल ते सगळं त्याला दिसत असतं. मला खरी भीती या माणसाची वाटते, व्हायरसची त्यामानाने कमी.

आता मशीनबद्दल. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपल्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ त्याच्यावर रीतसर चढत नाही. दिवाळीत आले होते तेव्हा मी या अपडेटच्या जादा मुदतीची नोंदणी करून ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. त्याआधी, गणपतीत आले की, लॅमिंग्टन रोडला जाऊन नवीन मशीन घेऊ. तोवर एकच विनंती: बंद करताना 'अपडेट होत आहे' असं दिसलं, तर बाहेर जायची घाई असली तरी मेन स्विच बंद करू नका. दहा-पंधरा मिनिटं लागली तर लागू देत.

अँटिव्हायरस विकत घ्यायची आपल्याला गरज नाही. विंडोजमध्ये मुळातच डिफेंडर आहे, आणि तुमच्या वापराला तो पुरेसा आहे. कोणी दुकानदार 'वर हेही टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा. दोन अँटिव्हायरस एकत्र आले की एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन रखडतं.

बाबा, तुमची सगळी नोकरी न्हावा-शेव्याच्या क्लिअरिंगच्या कामात गेली, म्हणून तुम्हाला जून २०१७ ची आठवण करून देते. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कामात घुसला. जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं आणि कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. हा व्हायरस ज्या वाटांनी पसरला त्यातली एक वाट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पुढे मर्स्कला ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कचा कणा असलेली माहिती सगळीकडे पुसली गेली होती, आणि ती वाचली कुठे, तर घानातल्या ऑफिसात. तिथे नेमकी त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला राहिला.

म्हणूनच मी आणलेली हार्डडिस्क कायम लावून ठेवू नका असं सांगत असते. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जे जे जोडलेलं असेल ते सगळं तो कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा जोडा, 'घरचे फोटो' आणि 'कागदपत्रं' हे दोन फोल्डर कॉपी करा, काढा आणि लोखंडी कपाटात ठेवा. आजीचे स्कॅन केलेले फोटो आता दुसरीकडे कुठेच नाहीत. कॉम्प्युटर नवा आणता येईल, ते फोटो येणार नाहीत.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह नेणंही बंद करायला हवं. दिवसभर शेकडो लोकांचे पेनड्राइव्ह त्या एका मशीनला लागतात. तिथून येणारा शॉर्टकट व्हायरस तुम्ही पाहिला आहे: तो आपले खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले खोटे ठेवतो. त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालू होतो आणि शिवाय फोल्डरही उघडतो, म्हणून शंका येत नाही. फक्त प्रिंटसाठी एक वेगळा रिकामा पेनड्राइव्ह ठेवा, परत आणल्यावर त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा आणि बाण दिसला तर हात लावू नका. आधार कार्डाची प्रिंट असेल तर दुकानदाराच्या मशीनवरची फाइल समोर उभं राहून काढायला लावा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

फाइलींच्या नावांचंही बघितलं पाहिजे. विंडोज नावाचा शेवटचा तुकडा लपवतं, म्हणून 'वीजबिल डॉट पीडीएफ' दिसणारी फाइल प्रत्यक्षात 'वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असू शकते. मी ते लपवणं बंद केलं आहे. आता शेवटी ईएक्सई दिसलं तर ते बिल नाही, प्रोग्राम आहे. मोबाइलवर तसंच एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल. बिल थकल्याचा, मीटर कापणार असल्याचा मेसेज आला तर त्यातली लिंक सोडून द्या आणि नेहमीसारखं महावितरणच्या ॲपमध्ये जाऊन बघा.

तुम्हा दोघांसाठी साधं खातं केलं आहे, नवीन काही बसवताना ते पासवर्ड मागतं आणि तो माझ्याकडे आहे. हे तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. माझ्या स्वतःच्या घरीही मी रोज तसंच साधं खातं वापरते. ती चौकट आली की मला फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी.

आई, तू पासवर्ड वहीत लिहितेस त्यावरून बाबा तुला बोलतात, पण तुझं बरोबर आहे. वही कपाटात असू दे. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ चांगलं. बँकेचा पत्ता मात्र गूगलवर शोधू नकोस. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा पत्ता घ्यायला लावला आहे, तो मी बुकमार्क करून ठेवला आहे, तिथूनच जा.

आणि इतकं करूनही कधी काही झालंच, पैसे गेले, कोणाला ओटीपी सांगितला गेला, तर आधी वायफाय राउटर बंद करा. मग १९३० वर फोन करा, तो सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. कार्डाच्या मागच्या नंबरवरून बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता जास्त. 'मिनू काय म्हणेल' म्हणून एक रात्रही थांबू नका. मी काहीही म्हणणार नाही. चांगले शिकलेसवरलेले, स्वतः बँकेत आयुष्य काढलेले लोक यात सापडले आहेत.

आई, भजनी मंडळाच्या याद्या तू डेस्कटॉपवर ठेवल्या आहेस, त्या 'कागदपत्रं'मध्ये हलव, म्हणजे हार्डडिस्कवर जातील. बाबांना या रविवारी पहिली कॉपी करायला लाव आणि झाली की मला फोन कर.

तुमची,
मिनू