प्रशिक्षण पायमशीनवर, काम मोटारीवर

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात बायकांसाठी शिवणकामाचा वर्ग भरला. बचत गटातल्या आम्ही बावीसजणी होतो. ब्लाऊज, परकर, झबली शिकलो, प्रमाणपत्रं मिळाली. शिकवणाऱ्या बाईंनी जीव तोडून शिकवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघी कागलच्या एमआयडीसीत कपड्यांच्या एका कारखान्यात काम विचारायला गेलो. तिथं सगळ्या मोटारीवरच्या जुकी मशीन. मला शर्टाची कॉलर दिली. पायमशीनच्या सवयीनं मी पायाला जोर दिला आणि कापड हाताखालून सुर्रकन पळालं, टीप कॉलरच्या टोकाबाहेर. दुसऱ्या खेपेला सुईच मोडली. सुपरवायझर शांतपणे म्हणाले, "ताई, मशीन शिकून या." दोन महिने शिकायलाच तर बसलो होतो! पिशवीतलं प्रमाणपत्र मी बाहेर काढलंच नाही.

गावात शिवावं म्हटलं तर बावीसजणींना पुरतील एवढी गिऱ्हाइकं आणायची कुठून? म्हणून वर्ग सुरू करण्याआधी कागल, इचलकरंजीच्या कारखानदारांना विचारा, तुमच्याकडं कुठल्या मशीन आहेत. वर्गाला दोन जुकी आणि कापडाची कड शिवणारी एक ओव्हरलॉक मशीन मिळाली तरी बायकांचा हात बसेल.

शिवाय भांगलणीचा रोज बुडवून बायका वर्गाला येतात. चौघींनी तर त्यापायीच मध्येच सोडलं. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाच्या प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांची मदत आहे. गावच्या वर्गालाही निदान बुडालेला रोज भरून द्यावा.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहणं-जेवण फुकट असतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या घरी दोन म्हशी आहेत, त्यातली एक माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. महिनाभर मी घर कसं सोडू? त्यापेक्षा तालुक्याच्या गावी अकरा ते चार असा वर्ग ठेवा. 2023 पासून एसटीला आम्हाला निम्मं तिकीट आहे, जाणं-येणं परवडतं.

असा वर्ग गारगोटीत निघाला तर सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून मी येईन. कागलला माझ्याबरोबर आलेल्या दोघीही तयार आहेत.

– बचत गटातील एक महिला, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर