मंगळवार-शुक्रवारच्या मावश्यांना

आदरणीय मावश्यांनो आणि ताईंनो,

आईच्या आजारपणात मदतीला आलेल्या डॉक्टरांचे, फिजिओथेरपिस्टचे, बिल्डिंगमधल्या लोकांचे, आईच्या शाळेतल्या बाईंचे, सगळ्यांचे आभार मानून झाले. तुमचे राहिले, कारण तुम्ही ते मानूच देत नाही. विषय काढला की "अहो, राहू द्या हो" म्हणत पिशव्या उचलता आणि जिना उतरायला लागता. म्हणून लिहूनच काढायचं ठरवलं, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. ठाण्यात आज कितीतरी घरांत कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे आणि त्याचं करणारं माणूस एकटं आहे. घरी येऊन पेशंटचं करणाऱ्या, चर्चच्या महिला मंडळातल्या तुमच्यासारख्या बायका चार गल्ल्या पलीकडे आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. मलाही ठाऊक नव्हतं, आणि माझा जन्म इथलाच, चरईतला. चर्चचं आणि धर्मग्रामाचं, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीचं, नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, तेवढं पाळतो.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तो झोपेत. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आई सकाळी उठली तीच वाकडं तोंड आणि लुळा हात घेऊन, त्यामुळे झटका नेमका कधी आला हे कुणालाच सांगता येईना. उजवी बाजू गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येत नव्हते. पस्तीस-चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या आवाजावर गप्प करणारी बाई ती.

घरात आम्ही दोघंच. मी वागळे इस्टेटमध्ये कामाला. दिवसा सांभाळायला ब्युरोकडून आया मिळायची, पण टिकायची नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पेशंट जड. औषधं, नळीतून पाणी, डायपर हे सगळं मी शिकलो. अडलं ते आंघोळीपाशी. मी ओला टॉवेल घेऊन जवळ गेलो की आई डाव्या हाताने गाऊन घट्ट धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. मुलाने आपलं अंग पुसावं हे तिला सोसतच नव्हतं. आया नसेल त्या दिवशी ती तशीच राहायची. पाठीला वास यायला लागला होता. हे उघड लिहितोय, कारण घरोघरी हेच चालतं आणि बोलत कुणी नाही.

खालच्या मजल्यावरच्या आंटींनी तुम्हाला सांगितलं हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. त्या मंगळवारी बेल वाजली, दार उघडलं तर तुम्ही दोघी, जिना चढून धापा टाकत, हातात कापडी पिशवी. "चर्चच्या महिला मंडळातून आलोय. आईंना आज आम्ही आंघोळ घालू का? तेवढ्यात तुम्ही बाजारहाट उरकून या." 'काही लागलं तर सांगा' असं त्या दिवसांत मला खूप जण म्हणाले. मनापासूनच म्हणाले. पण काय लागतंय ते सुचण्याइतकंही डोकं तेव्हा जागेवर नव्हतं. तुम्ही काम ठरवून आलात, वार ठरवून गेलात, आणि मंगळवार, शुक्रवार सकाळी साडेनऊ म्हणजे साडेनऊ. पावसात तलावपाळीच्या बाजूला पाणी भरलं होतं तेव्हासुद्धा.

तुमच्यातल्या ज्या मावशींनी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्सिंग केलं, त्यांनी मला काय काय शिकवलं ते लिहून ठेवतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बादल्या दोन, एक साबणाच्या पाण्याची आणि एक स्वच्छ. आधी तोंड, मग हात, छाती, पाठ, पाय, आणि मधे पाणी बदलायचं. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा. बाकी अंगावर चादर असलीच पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नसलं तरी. बोटांच्या बेचक्या, काखा, छातीखालची घडी कोरडी करायची, नुसती पुसायची नाही. मग माकडहाड, टाचा, कोपरं नीट बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक. लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात, त्या अंगावर आता झोपवायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. कपडे चढवताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी. आणि त्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. मी तोवर तसंच उचलत होतो. कुणी सांगितलंच नव्हतं.

पेशंटला न उठवता चादर बदलणं तर मी थक्क होऊन पाहिलं. मावशींनी आईला हलकेच एका कुशीवर वळवलं. जुनी चादर लांबीला गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत आणली, नवी चादर तिथून अंथरली आणि तिचीही निम्मी गुंडाळी पाठीशी लावून ठेवली. मग आईला त्या दोन्ही गुंडाळ्यांवरून दुसऱ्या कुशीवर वळवलं. पलीकडून ताईंनी जुनी काढून घेतली, नवी ताणली आणि कोपरे खोचले. दोन मिनिटं लागली असतील. आईला एकदाही धक्का बसला नाही. वर मावशी तिच्याशी बोलतच होत्या, उत्तर येणार नाही हे माहीत असून: "आता वळायचं हां बाई, माझ्याकडे, शाब्बास." शाब्बास म्हणताना आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते कितीतरी दिवसांनी पाहिलं. आयुष्यभर ती हा शब्द दुसऱ्यांना देत आली होती.

त्यानंतर तिने गाऊन धरून ठेवला नाही.

तुमचं कपाट पाहिलं तेव्हा हे सगळं केवढं आहे ते ध्यानात आलं. चर्चच्या हॉलमागच्या खोलीत वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्च्या, एअर बेड आणि त्यांचे पंप, सगळं ओळीने लावलेलं. एक लांब वही. नाव, वस्तू, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. डिपॉझिट नाही. जात-धर्माचा रकानाही नाही, मी मुद्दाम पाहिलं. पैसा कुठून येतो म्हणून विचारलं तर एका ताईंनी बोटांवर मोजून दाखवलं: उन्हाळ्यात तुम्ही एकत्र बसून मसाला भाजता-कुटता आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून विकता तो, नाताळच्या आधी कलकल, नेवऱ्या आणि दोदोल करता ते, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरोघरी मटण-मासळीचे वाचवलेले पैसे. माझ्या आईखालचा एअर बेड त्यातून आलेला होता. हे कळल्यापासून डिसेंबरात तुमच्या टेबलावर रांग दिसली की मला फार बरं वाटतं.

तुम्ही कायम दोघी-दोघींनी का येता असं एकदा विचारलं होतं. तुमच्यातल्या सगळ्यांत वडील मावशी म्हणाल्या, त्या पूर्वी लीजन ऑफ मेरी या कॅथलिक सेवासंघटनेत होत्या, तिथली ही सवय. ती संघटना 1921 साली डब्लिनमध्ये सुरू झाली, आणि तिचं पहिलंच काम म्हणजे गरिबांच्या हॉस्पिटलात पडलेल्या बायकांना जोडीजोडीने भेटायला जाणं. मग त्यांनी मारियेची, येशूच्या आईची, गोष्ट सांगितली. म्हातारपणी दिवस राहिलेल्या नात्यातल्या एलिझाबेथकडे मारिया लगबगीने डोंगराळ मुलुखात गेली आणि तीनेक महिने राहिली. 31 मेला तुम्ही त्या भेटीचा सण पाळता. तलावपाळीचं चर्च ज्या संत जॉन बाप्टिस्टच्या नावाचं, तो या एलिझाबेथचा मुलगा. इतकी वर्षं त्या चर्चवरून जातोय, पण हे मला तेव्हा कळलं. मावशी पुढे एवढंच म्हणाल्या, "आणि मदतीला गेली ती स्वतःही पोटुशीच होती."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण तोवर मला समजलं होतं की शुक्रवारी येणाऱ्या मावशी पहाटे नवऱ्याला डायलिसिसला सोडून माझ्या आईकडे येतात आणि इथून परत त्याला आणायला जातात. दुसऱ्या एकींचे गुडघे इतके दुखायचे की त्या जिना एकेक पायरी, कठड्याला धरून चढायच्या. रिकामा वेळ आणि धडधाकट शरीर असलेल्या बायकांचं हे काम आहे असं कुणाला वाटत असेल, तर ते तसं नाही.

माझ्या आत्याने सुरुवातीला फोनवर विचारलं होतं, "त्यांचा आपल्याशी काय संबंध? उगाच कशाला येतील?" तिला काळजी होती, वाईट हेतू नव्हता. मी तिला आपल्या ठाण्याचंच सांगितलं. 1321 साली, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानात यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. ते इथे उतरले होते एका ख्रिस्ती कुटुंबाच्याच घरी. नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाची अशी काही घरं तेव्हा गावात होती. इथली पहिली आगगाडी त्यानंतर पाचशे बत्तीस वर्षांनी आली. शिवाय तुमच्यातल्या बऱ्याच जणी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरी मराठीच बोलणाऱ्या, आमच्यापेक्षाही जुन्या ठाणेकर. संबंध शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. आत्या गप्प बसली, पण तिची खात्री इतिहासाने पटलेली नव्हती.

ती पटली 2024 च्या गणपतीत. शनिवारी गणपती बसले, रविवारी 8 सप्टेंबर, मारियामातेच्या जन्माचा तुमचा सण. त्याआधी नऊ दिवस तुमची प्रार्थना, नोव्हेना, सणाच्या दिवशी जेवणावळ. मंगळवारी आमच्याकडे गौरी यायच्या होत्या. मी आदल्या रात्रीच निरोप दिला होता की दमला असाल, या खेपेला नका येऊ. तुम्ही नेहमीपेक्षा लवकर आलात. आंघोळ झाल्यावर कपाट उघडून आईला विचारलंत, यातली कुठली? तिने डाव्या हाताने जांभळी पैठणी दाखवली. अंथरुणावरच्या माणसाला पैठणी नेसवणं काय असतं! तुम्ही ती नेसवलीत, निऱ्यांसकट, केसांची वेणी घातलीत, व्हीलचेअरवर बसवून गौरींसमोर आणलंत. कुंकू मात्र आत्याला लावायला सांगितलंत. तुम्ही कधी आमच्या देवाबद्दल काही बोलला नाहीत, तुमचा आमच्यावर लादला नाहीत, आणि दोन्ही घरचे सण तुम्हाला पक्के ठाऊक होते. आत्याने त्या दिवशी तुम्हाला ताट वाढलं, आणि पुढे फोन केला की आधी "त्या आल्या होत्या का?" असं विचारायची.

यंदा पावसाळ्यात आई गेली. पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम नव्हती. सर्टिफिकेट द्यायला आलेल्या डॉक्टरांनी ते आवर्जून म्हटलं. नातेवाईक जमले, शेवटच्या आंघोळीची तयारी झाली, तेव्हा बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या तुम्हाला आत्याने हाताला धरून आत नेलं. दार लावून घेतलंत. आत काय झालं ते मला माहीत नाही, विचारणारही नाही.

आता व्यवहाराचं. एअर बेड, पंप आणि कमोड खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. पंपाची नळी चिरली होती ती नवी घातलीय. रविवारी दुपारी हॉलवर आणून देतो. आईचे डायपरचे न फोडलेले दोन पुडे आणि जेवण भरवायचा उतरता चमचा त्यासोबत आहे, वहीत लिहून घ्या.

आणि एक. पुरुष पेशंट असला की तुम्हाला अडतं, असं मागे एकदा बोलण्यात आलं होतं. बायको म्हातारी, मुलं परदेशात, आणि सहा फुटी माणसाला वळवायचं कुणी? मला चादर बदलता येते, लुळा हात आधी घालायचा हे माहीत आहे, डाग दाबून बघता येतो, दाढीही करता येते. मंगळवार-शुक्रवार सकाळी मी अर्धा दिवस उशिरा जायचं ऑफिसात मान्य करून घेतलंय. जोडीला आमच्याच बिल्डिंगमधला एक जण तयार आहे. त्याला मी शिकवतोय, आठवडाभरात येईल त्याला. तुमच्या पाळीच्या कागदावर आमची दोन नावं लिहा आणि पहिला पत्ता द्या. मी ख्रिस्ती नाही आणि बाईही नाही, तेव्हा मंडळात घेऊ नका, पण कामावर घ्या.

तुमचा,
चरईतल्या दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा