परिवहन मंत्र्यांना खुले पत्र: धूर मोजता, नायट्रोजन ऑक्साइड कधी मोजणार?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याची रड आपल्या कानावर रोजच येत असणार, त्यामुळे खड्ड्यांबद्दल लिहीत नाही. मी कॅटॅलिस्टवर, म्हणजे उत्प्रेरकांवर काम करतो, राहतो कासारवडवलीला. माझी तक्रार कोंडीत उभ्या ट्रकच्या सायलेन्सरबद्दल आहे, आणि तीही धूर न ओकणाऱ्या ट्रकच्या.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे वाहनांच्या धुरावरचे भारत स्टेज ६ निकष, आले. जड डिझेल वाहनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॉट-तासामागे ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आली. नुसतं इंजिन सुधारून हे होत नाही. उलट ज्वलन जितकं गरम, तितकी काजळी कमी आणि हे वायू जास्त! म्हणून इंजिनानंतर सायलेन्सरच्या वाटेत एससीआर, म्हणजे हे वायू मोडणारा उत्प्रेरक, बसवतात: मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकं असलेली सिरॅमिकची वीट, भोकांच्या भिंतींवर तांबं घातलेल्या झिओलाइटचा (अतिसूक्ष्म छिद्रांच्या चौकटीचा पदार्थ) किंवा व्हॅनेडियमचा लेप. वरून डेफ फवारतात, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ड्रायव्हर त्याला नुसतं युरियाच म्हणतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि लेपावर विषारी वायूचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात होतं.

मेख आहे तापमानात. वायू साधारण २०० अंशांच्या खाली असला की युरिया नीट फुटत नाही, म्हणून फवारणी थांबवावी लागते. नाही थांबवली तर नोझलभोवती पांढरी खडी धरते, ती खरवडून काढताना मेकॅनिक रडकुंडीला येतात. गायमुखच्या चढावर भरलेला कंटेनर जोर लावतो तेव्हा सगळं ठीक. पण माजिवड्यापासून पहिल्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीची वीट थंडच राहते, आणि वायू जसाच्या तसा बाहेर पडतो.

यावर काम चालू आहे. कमी तापमानात झिओलाइटमधले तांब्याचे आयन अमोनियाला धरून हलतात, आणि अशा दोन आयनांची जोडी जमली की ऑक्सिजनशी क्रिया होते, हे आता कळलं आहे. मग तांबं भरपूर घाला की! तर तसं नाही. जास्त तांबं घातलं तर पुढे वीट तापल्यावर त्याचे ऑक्साइड होतात आणि झिओलाइटची चौकट ढासळते. हा तोल आपल्या रांगत्या वाहतुकीसाठी वेगळा साधायला हवा. त्यासाठी आपल्याच रस्त्यावरची आकडेवारी लागते.

उत्तम उत्प्रेरकाचीही बनावट डेफने वाट लागते. खताच्या युरियातली अशुद्धी लेपाला विष ठरते, शिवाय २०१५ पासून देशातला खताचा युरिया कडुलिंबाच्या तेलाने लेपलेला येतो. काही जण तर डेफची टाकी भरायलाच नको म्हणून सेन्सरला चकवणारी डबी लावतात.

हे पीयूसीत पकडलं जात नाही. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात, ॲक्सिलरेटर दाबतात, धुराची गडदता मोजतात, कागद हातात. नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा त्यात नाहीच. एससीआर मेलेला ट्रक झोकात पास होतो.

नियम केंद्राचा आहे, हे मान्य. पण बीएस-६ ट्रकच्या नळीत नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर कारखान्यातूनच बसून येतो. फिटनेसच्या वेळी आरटीओने ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या दोष नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या, सॉकेटला वाचक यंत्र लावून त्याचे आकडे आणि नोंदलेले दोष पाहावेत, ही पहिली मागणी. जेएनपीटीहून गुजरातकडे जाणारी वाहनं इथूनच जातात, तेव्हा भरारी पथकाने टाकीतल्या डेफचे नमुनेही घ्यावेत. रिफ्रॅक्टोमीटर हातात मावतो, युरियाचं प्रमाण जागेवर सांगतो, शुद्धता मात्र प्रयोगशाळेतच कळेल. तिसरी मागणी आम्हा संशोधकांची: ठाण्यातल्या काही बीएस-६ एसटी गाड्यांच्या उत्प्रेरकाचं तापमान वर्षभर नोंदवून ते आकडे सर्वांसाठी खुले करावेत.

आपला,
कासारवडवलीचा एक रहिवासी